ताईला घरी का आणत नाहीये

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आई रडायला लागली की माझं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहितेय. ताई शनिवारी मानसिक आजाराच्या हॉस्पिटलातून त्या भाड्याच्या घरात राहायला जाणार. तिनेच हो म्हटलंय. तुम्ही कमी पडलात असं कुणीही म्हणत नाहीये. पण माडीचा जिना अजून तिथेच आहे, आणि तुमच्याच्याने आता रात्रीची जागरणं होणार नाहीत.

बाबा, ‘मग हॉस्पिटलातच राहू दे’ हे तुमचं काळजीपोटी आहे, कळतं मला. पण २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ बघा. घरचं कुणी नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्यावरून कुणाला तिथे ठेवता येत नाही. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ नावाने वेगळी वाट धरली: साध्या वस्तीत भाड्याचं घर, चार-पाच जणी, सोबतीला मदतनीस. ताईचं घर त्याच धर्तीवरचं. आधी बरी हो मग घर, असं तिथे नाही. ताईसारखी रस्त्यावर झोपलेली बाई एका डोळ्याने जागीच असते, आणि झोप नसली की गोळ्यांचाही गुण येत नाही. म्हणून आधी आतून कडी लागणारं दार.

खोलीत दोघी, पण कपाट तिचं एकटीचं. किल्ली तिच्याचकडे. आई, साडी नको नेऊस, खिशाचे गाऊन ने. किल्ली खिशात असली की तिला बरं वाटतं. चहा आल्याचाच मिळतो. आणि साय अजूनही बोटाने बाजूला करते हं, लहानपणीसारखी!

महिन्याचं इंजेक्शन मदतनीस बघेल. ते चुकलं तर लगेच काही दिसत नाही, काही आठवड्यांनी झोप उडते आणि मग सगळे म्हणतात अचानक बिघडली. झोपेचं कानावर आलं की मला तेव्हाच कळवा.

उशीखाली चपात्या सापडतील. ओरडू नका, परस्पर फेकूही नका. झाकणाचा डबा द्या, शिळं तिचं तिला काढू दे. मागून खांद्यावर हात नको, समोरून हाक मारा. ‘इतकी वर्षं कुठे होतीस’ हे तर अजिबात नाही. वजन वाढलंय, हात थरथरतात, ते औषधांमुळे. आई, तोंडावर बोलू नकोस. पहिल्यांदा तासभरच बसा. ती मध्येच उठून आत गेली तर रुसवा समजू नका, दमते ती.

बाबा, तिचं दहावीचं सर्टिफिकेट शोधा. आधारवर जन्मतारीख चुकीची पडलीय, ती आधी दुरुस्त करायची. मग बँकेचं खातं आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र. त्यात मानसिक आजारही धरतात, पण सवलतींना निदान ४० टक्के लागतात. ते हातात आलं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. सर्टिफिकेट माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत असेल. तुम्ही शिडीवर चढायचं नाही, वरच्या मुलाला बोलवा. आणि आईची बीपीची गोळी संपत आली असेल, येताना तीही आणायला सांगा.

तुमची,
धाकटी