रेसिंग सिम्युलेटरच्या कंपन किटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

विषय: जाहिरातीप्रमाणे काम न करणारे बेस शेकर किट परत घेऊन पैसे देण्याबाबत

महोदय,

आपले बेस शेकर किट, म्हणजे गेममधील धक्के सीटला जाणवून देणारी दोन कंपनयंत्रे (शेकर) आणि त्यांना चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड, सीट नीट हलवत नाही. या तक्रारीवर आपल्या सेवा केंद्राने "बोर्ड बदलून देतो" असे कळवले आहे. तोच बोर्ड पुन्हा नको. दोष एखाद्या नगात नाही, किटच्या रचनेतच आहे.

खोक्यावर "२ × ५० वॉट" छापले आहे. बोर्डावरची टीपीए३११६ ही अ‍ॅम्प्लिफायर चिप एवढे देते, पण २१ व्होल्टवर, ४ ओहमला आणि तेही १० टक्के डिस्टॉर्शन (सिग्नलची विकृती) धरून. किटमध्ये शेकर ८ ओहमचे आहेत आणि अडॅप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा. अडॅप्टरच मुळात २४ वॉटचा, तर १०० वॉट येणार कुठून? १२ व्होल्टवर ८ ओहमला चॅनेलमागे, म्हणजे एका शेकरला, डिस्टॉर्शन न होता जास्तीत जास्त ९ वॉट निघतात.

हेही एकवेळ चालले असते. खरी गोम इनपुटच्या कपॅसिटरमध्ये आहे. त्यांवर १०४ छापले आहे, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. बोर्डाचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) ३६ डेसिबलवर बांधलेला असल्याने चिपचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे येणाऱ्या सिग्नलला होणारा अवरोध, ९ किलोओहम होतो. या जोडीमुळे साधारण १७७ हर्ट्झच्या खालचा सिग्नल गळत जातो, आणि शेकरचे सगळे काम २० ते ८० हर्ट्झमध्ये! शेकरऐवजी ८ ओहमचा रेझिस्टर लावून, आवाजाचे बटण न हलवता मल्टिमीटरने मोजले: २०० हर्ट्झला ६ व्होल्ट, ४० हर्ट्झला १.८. म्हणजे साडेचार वॉटचे अर्धा वॉटही उरत नाहीत. सिमहब या शेकर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंजिनाची थरथर पूर्ण वाढवली तरी सीटला फक्त गुणगुण येते, कर्बचा (ट्रॅकच्या उंच कडेचा) धक्का बसत नाही. इथे १०५ चे, म्हणजे १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले असते तर ही मर्यादा १८ हर्ट्झपर्यंत उतरली असती. खर्च काही रुपयांचा.

माहितीपत्रकातील आकृती तर धोक्याची आहे. तीत दोन्ही शेकरच्या ऋण तारा एकत्र जोडल्या आहेत. या चिपची चारही आउटपुट टोके चालू असतात, कोणतेही टोक ग्राउंड नसते. तशी जोडणी केली की बोर्ड प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, किंवा जळतो. ती आकृती आजच काढून टाका. शेकर आणि सीटच्या पत्र्यामध्ये रबर घालायलाही पत्रक सांगते. शेकर पत्र्याला घट्टच आवळायचा असतो. रबर हवे रिगच्या (सीट बसवलेल्या सांगाड्याच्या) पायांखाली, नाहीतर घोडबंदर रोडवरच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचे शेजारी रात्री दार वाजवतात.

"२४ व्होल्टचा अडॅप्टर लावून बघा" हा फोनवरचा सल्लाही मागे घ्या. बोर्डावरचे मोठे कपॅसिटर २५ व्होल्टपर्यंतचेच आहेत, २४ व्होल्टला ते अगदी काठावर येतात. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर सुरक्षित ठरेल, पण तो ग्राहकाने का शोधायचा? आणि त्यानेही खालच्या फ्रिक्वेन्सीची गळती थांबत नाही.

मागणी: किट स्वखर्चाने ठाण्याहून उचलून पूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा १०५ चे कपॅसिटर बसवलेला बोर्ड, १९ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर आणि दुरुस्त आकृती द्यावी. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल.

बोर्डावर कोणतेही सोल्डरिंग केलेले नाही. बिलाची प्रत, मोजमापाचे फोटो आणि माहितीपत्रकाचे ते पान सोबत जोडले आहे.

आपला,
एक ग्राहक
ठाणे (पश्चिम)