वाद्ये आली, शिक्षक गेले

समाजसेवा आणि कलाशिक्षणाला कौटुंबिक फाउंडेशनांकडून (श्रीमंत कुटुंबांनी काढलेल्या दानसंस्थांकडून) मिळणाऱ्या अनुदानांचे कौतुक करणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. कौतुक रास्तच, पण हा पैसा बहुतेकदा एका वर्षापुरता आणि ठरलेल्या प्रकल्पालाच मिळतो, याचा त्यात उल्लेख नाही.

एका छोट्या संस्थेचे हिशेब मी काही वर्षे पाहिले. अनुदानातून सहा व्हायोलिने आली, फोटोही निघाले. शिक्षकाचे मानधन मात्र ‘प्रशासकीय खर्च’ ठरले आणि नाकारले गेले. पुढच्या वर्षी शिक्षक गेले. तुटलेली तार बदलायलाही कोणी उरले नाही. निवारागृहातल्या समुपदेशकांची गत याहून वेगळी नसते.

अमेरिकेत खासगी फाउंडेशनांना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम दानकार्यावर खर्च करावी लागते. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा वाजवी प्रशासकीय खर्चही त्यात धरला जातो! मग अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या शिक्षकाचा पगारच का खुपावा? अमेरिकेतल्या अब्जाधीश दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून अब्जावधी डॉलर विनाअट वाटले आहेत, तेव्हा हे अशक्य नाही. अनुदान निदान तीन वर्षांचे असावे आणि अर्जात मानधनाचा रकाना असावा.

– एक निवृत्त हिशेबनीस