चोर पकडावा, धिंड काढू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर शहरातील काही मोठ्या दुकानांत बिलाच्या काउंटरजवळ ‘यांच्यापासून सावध राहा’ अशा मथळ्याखाली सीसीटीव्हीतून काढलेले चेहऱ्यांचे फोटो लावलेले दिसतात आणि त्याच चित्रफिती पुढे व्हॉट्सॲप गटांवर फिरत राहतात. माझी सारी नोकरी नवी पेठेतील एका कापड दुकानात हिशेब लिहिण्यात गेली असल्याने उचलेगिरीचा त्रास मला ऐकून माहीत आहे असे नाही. दिवाळीच्या किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत दुकान भरले की एकाच टोळीतील चौघे-पाचजण गादीवर बसून साड्यांवर साड्या उलगडायला लावत, आणि रात्री घड्या मोजताना एखादी कमी भरे. त्यामुळे चोरीला पाठीशी घालण्याचा माझा हेतू नाही. माझा आक्षेप आहे तो चोर सापडल्यानंतर दुकानदार स्वतःच जी शिक्षा ठरवतो आणि अमलात आणतो, तिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, चोरीस गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावयाची आहे. म्हणजे साबणाची वडी किंवा चॉकलेट उचलणाऱ्याला न्यायालय तुरुंगात न धाडता समाजोपयोगी काम करावयास लावील. दुकान मात्र त्याचा चेहरा वर्षानुवर्षे भिंतीवर टांगून ठेवते. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकाने पकडले, तरी सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सांगते. मागच्या खोलीत बसवून ठेवणे, कान धरून माफी मागायला लावून तिचे चित्रीकरण करणे, ‘दहापट पैसे भर, नाहीतर व्हिडिओ घरच्यांना पाठवतो’ असे धमकावणे, यांतील एकाही गोष्टीची मुभा कोणत्याही कायद्याने दुकानदाराला दिलेली नाही, आणि शेवटची गोष्ट तर सरळसरळ खंडणीच आहे. फोटोखाली ‘चोर’ असे लिहिताना न्याय संहितेतील बदनामीचे कलम ३५६ ही लक्षात ठेवावे, कारण मजकूर खरा असला तरी तो प्रसिद्ध करणे लोकहितासाठी आवश्यक होते, हे दाखवून द्यावे लागते.

‘असे केल्याशिवाय जरब बसत नाही,’ असे व्यापारी म्हणतात. जरब नेमकी कोणाला बसते, हे त्यांनी पाहावे. बाहेरगावाहून येणारी सराईत टोळी एका दिवसात दोन-तीन पेठा करून संध्याकाळच्या गाडीने निघून जाते; तिला आपला फोटो येथे लागला काय आणि न लागला काय, सारखेच. उद्ध्वस्त होते ते अशोक चौकातील किंवा जुळे सोलापुरातील माणूस, ज्याला त्या दुकानात येणारे निम्मे लोक ओळखतात आणि ज्याच्या मुलीचे लग्न त्याच गल्लीत ठरायचे असते. शिवाय ट्रॉलीच्या कोपऱ्यात राहून गेलेली वस्तू, पोराने नकळत खिशात घातलेली पेन्सिल किंवा काउंटरवर काढायचा राहिलेला चोरीविरोधी टॅग यांमुळेही दारावरचे तपासणीचे गेट वाजते. तेथे जमणारी गर्दी बिल तपासेपर्यंत थांबत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पूर्वी माल दुकानदाराच्या पाठीमागे असे आणि गुमास्ता तो काढून दाखवी. आता गिऱ्हाइकाने स्वतः हात घालून माल घ्यावा, म्हणजे खरेदी वाढते आणि पगारही वाचतात, या हिशेबानेच मोकळ्या मांडण्या आल्या. त्या सोयीबरोबर काही माल जाणार, हे धंद्यातील प्रत्येकाला माहीत असते. तो वाचवायचा असेल तर महागडी अत्तरे, ब्लेड, तुपाचे डबे कुलूपबंद कपाटात ठेवावेत, आडोशाच्या कोपऱ्यांत बहिर्गोल आरसे लावावेत आणि गर्दीच्या दिवसांत दालनात चार माणसे जास्त उभी करावीत. माझ्या अनुभवात ‘काय दाखवू, ताई?’ असे विचारणारा माणूस जवळ असला की उचलणाऱ्याचा हात आपोआप आखडतो. मालकांना हा उपाय महाग वाटतो, हे मला माहीत आहे. फोटो छापणे स्वस्त पडते.

शहर पोलीस आयुक्तालयाने व्यापारी संघटनांची बैठक घेऊन पकडलेल्या व्यक्तीला किती वेळात आणि कोठे हजर करावयाचे, स्त्रियांची झडती स्त्री पोलिसांनीच कशी घ्यावयाची आणि चित्रण पोलिसांखेरीज कोणालाही न देण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवून द्यावे. बैठक होईल तेव्हा होवो, पण या फोटोंमध्ये शाळकरी मुलांचे चेहरे असतील तर ते आजच उतरवले पाहिजेत. कायद्याशी संघर्षात आलेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाची ओळख उघड करणाऱ्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, सोलापूर