कोलोडियनची बाटली उघडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काचेवरच्या ओल्या प्लेटच्या छायाचित्रणावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचून आनंद झाला. काचेवर कोलोडियन (ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पायरॉक्सिलिन, एक चिकट द्रव) ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात, म्हणजे चांदीच्या बाथमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन डेव्हलप करायची, अशी ही पद्धत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेली ही पद्धत आज कोल्हापुरातल्या तरुण मुलांना करून बघावीशी वाटते, याचं मनापासून कौतुक आहे. पण लेखातली कृती वाचून कुणी उद्याच रसायनं मागवली, तर ते अंगाशी येईल. शिकण्याचा क्रम त्यात सांगितलेला नाही आणि इथल्या हवेचा विचारही नाही. म्हणून हे पत्र.

ओल्या प्लेटमध्ये दोन वेगळ्या विद्या एकत्र येतात. एक मोठा कॅमेरा चालवण्याची, दुसरी काचेवर रसायन ओतण्याची. दोन्ही एकदम शिकायला घेतल्या तर प्लेट काळी आली की चूक फोकसची, एक्स्पोजरची की चांदीच्या बाथची, हे उमगतच नाही. म्हणून आधी मोठा कॅमेरा एक्स-रे फिल्मवर शिकावा. चार बाय पाच किंवा आठ बाय दहा इंचाची परदेशी शीट फिल्म महाग पडते. एक्स-रे फिल्म त्या मानाने स्वस्त असते आणि लाल दिव्यात हाताळता येते. घेताना मात्र नीट विचारून घ्यावी. हल्ली दवाखान्यांत बहुतेक ठिकाणी डिजिटल प्रिंटरची 'ड्राय' फिल्म वापरतात, ती कॅमेऱ्यात काही कामाची नाही. डेव्हलपरमध्ये धुवायची, 'ग्रीन सेन्सिटिव्ह' फिल्मच मागावी.

या फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, असतो आणि ओली झाली की ती नखाच्या स्पर्शानेही खरवडते. ट्रेच्या तळाशी एक गुळगुळीत काच ठेवावी, एका वेळी एकच शीट घ्यावी आणि ती कडेला धरूनच उलटावी. दिवसाच्या उजेडात आयएसओ ८० धरून सुरुवात करावी. मूळचा कॉन्ट्रास्ट फार, त्यामुळे डेव्हलपर पातळ हवा: रोडिनल एकास शंभर, २० अंशांना सहा ते आठ मिनिटं. उन्हाळ्यात इथल्या नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास जातं, त्यात जिलेटिन फुगून सुरकुत्या पडतात. ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवला की काम भागतं. आठ बाय दहाचे चार तुकडे करताना प्रत्येक बाजू दोन मिलिमीटर कमी कापावी, नाहीतर फिल्म होल्डरच्या खाचेत बसत नाही.

लाल दिवा खरंच सुरक्षित आहे का, हे बाजारातल्या बल्बच्या रंगावरून ठरवू नये. फिल्मच्या तुकड्यावर रुपयाचं नाणं ठेवावं, दिव्याखाली पाच मिनिटं तसंच राहू द्यावं आणि मग डेव्हलप करावं. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्यावा किंवा बदलावा. गोल दिसलाच नाही, तर बिनधास्त काम करावं.

कॅमेऱ्याबाबत कोल्हापूरकरांनी मुंबई-दिल्लीकडे बघण्याची गरज नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा मूव्ही कॅमेरा घडवला, तिथे शिवाजी उद्यमनगरातला कुठलाही चांगला कारागीर प्लेट होल्डर (कॅमेऱ्यात काच धरणारी चौकट) करून देईल. त्याला एकच माप काटेकोर सांगावं लागतं. होल्डरच्या बैठकीपासून काचेच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर आणि कॅमेऱ्याच्या बैठकीपासून ग्राउंड ग्लासच्या (फोकस बघायच्या काचेच्या) खरबरीत बाजूपर्यंतचं अंतर, ही दोन्ही एकच हवीत. व्हर्नियरच्या डेप्थ पट्टीने चारही कोपऱ्यांत मोजावं. दशांश दोन मिलिमीटरचा फरक चालून जातो. पण फिल्मच्या होल्डरमध्ये फिल्मच्या जागी दोन मिलिमीटरची काच तशीच बसवली तर चेहऱ्यावरचा फोकस काचेच्या जाडीएवढा हुकतो, आणि माणूस हलला असेल असं समजून नवशिके एक्स्पोजर बदलत बसतात. ग्राउंड ग्लास घरी होतो. साध्या खिडकीच्या काचेवर ४०० ते ६०० नंबरची कार्बोरंडम पावडर पाण्यात कालवून दुसऱ्या लहान काचेने गोल गोल घासायचं, एवढंच.

जवळचा चेहरा घेताना बेलोज (लेन्समागचा घडीचा भाता) लांबवावा लागतो आणि तेवढा प्रकाश कमी पडतो. २१० मिमीची लेन्स ३०० मिमीपर्यंत ओढली तर एक्स्पोजर दुप्पट. ३०० ला २१० ने भागून वर्ग करावा, उत्तर दोनच्या आसपास येतं. चेहरा काचेवर मूळ आकाराचा हवा असेल तर चौपट. हा हिशेब एक्स-रे फिल्मवर हातात बसला की मगच कोलोडियनकडे वळावं.

औषधांच्या दुकानात मिळणारं 'फ्लेक्सिबल कोलोडियन' घेऊ नये. त्यात एरंडेल आणि कापूर असतो, त्यावर प्लेट होत नाही. साधं कोलोडियन प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून बिलासह घ्यावं. ईथर आणि अल्कोहोलही तिथूनच. स्पिरिट परवान्याचा विषय आहे, तो रीतसर सोडवावा. रंगाच्या दुकानातला डिनेचर्ड स्पिरिट घालून पैसे वाचवू नयेत, त्यातली भेसळ प्लेटवर उमटते. कापूस आम्लात भिजवून पायरॉक्सिलिन घरी करायचा विचारही नको, तो स्फोटकाचा प्रकार आहे. तयार मिश्रणात १०० मिलीला साधारण एक ग्रॅम आयोडाइड आणि अर्धा ग्रॅम ब्रोमाइड असतं. कॅडमियम ब्रोमाइड विषारी आहे, वजन करताना हातमोजे आणि मास्क हवाच.

आता हवेचा मुद्दा, आणि माझ्या मते लेखातली सगळ्यात मोठी उणीव हीच. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारचा पारा त्याच्या वर असतो. बंद खोलीत बाटली उघडली की वाफ सुटते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटते आणि दुसऱ्या खोलीतल्या गॅसच्या शेगडीपर्यंत, देवघरातल्या समईपर्यंतही जाऊ शकते. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत आटपावं किंवा सरळ बंद ठेवावं. बाटल्या थंड जागी, पण साध्या घरगुती फ्रीजमध्ये नाही. आत दिव्याच्या स्विचची ठिणगी असते. झाकण हळूहळू सैल करावं. पावसाळ्यात प्लेट ओली जास्त वेळ राहते, पण ढगांमुळे उजेड तुटपुंजा पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच इथला खरा हंगाम.

ओतण्याचं कौशल्य पाण्यात थोडा गोंद घालून आधी शिकता येतं. काच खडूची भुकटी, पाणी आणि अल्कोहोलने घासून लख्ख करावी, धार दगडावर मोडावी. कडांना अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं पातळ पाणी लावलं (एक अंडं, अर्धा लिटर पाणी) की धुताना कोलोडियनचा थर सुटून येत नाही. डाव्या हाताने काच एका कोपऱ्यात धरावी, मध्यभागी कोलोडियनचा रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढा डबका करावा, मग तो एकेका कोपऱ्यात खेळवत शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत सोडावा आणि त्याच वेळी काच डोलवावी. डोलवली नाही तर तिरक्या रेघा कायमच्या राहतात. कोपरा बोटाला चिकट लागला, ठसा उमटला, पण ओलं आलं नाही, की लगेच चांदीच्या बाथमध्ये. थंडीत यासाठी दहा-पंधरा सेकंद लागतात, उकाड्यात त्याहून कमी.

बाथ म्हणजे लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात ९० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, नायट्रिक आम्लाच्या थेंबांनी पीएच चारच्या आसपास. पाणी शुद्ध आहे का हे बघायला त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकावा. दुधाळ झालं तर ते पाणी बाद. तीन-चार मिनिटांनी प्लेट सायीसारखी दिसते आणि वरचे तेलकट ओघळ जातात, तेव्हा ती तयार. तिथून डेव्हलप होईपर्यंत हाताशी थंडीत दहा मिनिटं, उन्हाळ्यात पाचही नाहीत. डोळ्यांवर गॉगल कायम. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

प्लेटला निळा आणि अतिनील प्रकाशच दिसतो. त्यामुळे लाइट मीटरवर विसंबू नये आणि संध्याकाळच्या पिवळ्या उन्हाला भुलू नये. तांबडा फेटा काळा येईल, तालमीतली लाल मातीही काळपट येईल, आकाश पांढरं पडेल. दुपारच्या मोकळ्या सावलीत एफ ५.६ ला दोन ते चार सेकंदांपासून सुरुवात करावी.

डेव्हलपर लिटरला फेरस सल्फेट ४० ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ५० मिली, अल्कोहोल ५० मिली. उकाड्यात फेरस सल्फेट ३० वर आणावं आणि आम्ल ६० ते ७० करावं, नाहीतर सगळीकडे राखाडी पडदा चढतो. एका कडेने एकाच झोतात ओतावं आणि पंधरा सेकंदांच्या आसपास भरपूर पाण्याने थांबवावं. सावलीतला तपशील पूर्ण उमटेपर्यंत थांबलं की प्लेट हातची गेली. डेव्हलपर थेंबाथेंबाने फुटून वाहू लागला तर बाथमध्ये ईथर-अल्कोहोल साठलंय असं समजावं. तात्पुरतं डेव्हलपरमध्ये अल्कोहोल थोडं वाढवावं, नंतर बाथ उन्हात ठेवून गाळावा. शेपटीवाले ठिपके बहुधा धुळीचे किंवा न गाळलेल्या कोलोडियनचे. कोपऱ्यातले शिंपल्यासारखे डाग होल्डरच्या घाणीचे. प्रत्येक प्लेटनंतर होल्डर पुसून काढावा.

फिक्सरबद्दल, म्हणजे डेव्हलपनंतर चित्र कायम करणाऱ्या द्रावणाबद्दल, मोघम बोलून चालणार नाही. जुन्या कृतींत पोटॅशियम सायनाइड असतं आणि त्याने टोन जरा उबदार येतो म्हणून आजही काही जण ते सुचवतात. आम्लयुक्त डेव्हलपरचा अंश त्यात मिसळला की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. घराच्या डार्करूममध्ये तो माणूस मारतो. लिटरला २०० ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) हे काम उत्तम करतं. आपल्या पुरवणीने पुन्हा हा विषय घेतला तर एवढी एक ओळ ठळक छापावी, ही विनंती.

शेवटी सांडपाणी. वापरलेल्या हायपोत आणि धुण्याच्या पहिल्या पाण्यात चांदी असते; ती गटारातून पंचगंगेत जाऊ देऊ नये. हायपोत साधं लोखंडी स्टील वूल टाकून काही दिवस ठेवलं की चांदी खाली बसते. स्वयंपाकघरातली स्टेनलेसची घासणी यासाठी चालत नाही. बाथच्या धुवणात खडेमीठ टाकलं की पांढरा साका बसतो, तो गाळून सुकवून वेगळ्या बरणीत ठेवावा. अमोनिया मात्र यात कधीही मिसळू नये, स्फोटक संयुग तयार होतं. बरणी भरली की हुपरीच्या चांदी गाळणाऱ्यांना साका कशाचा आहे हे स्पष्ट सांगून द्यावी.

आपला,
एक छायाचित्रप्रेमी वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर