ताते, त्या झिऱ्यासाठी तुमचे आभार

ताते, म्हणजे बाबा, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी पत्र मराठीतच लिहितेय. मनातलं याच भाषेत नीट येतं. लेक ते इंग्रजीत करून तुम्हाला पाठवेल.

वायव्य नामिबियातलं सेसफोंटेन गाव सोडल्यावर, आमचे वाटाडे म्हणून, तुम्ही आधी उतरून चारही टायरांतली हवा कमी केलीत. ही होआनिब नदी म्हणालात, आणि मग दिवसभर गाडी पात्रातूनच चालली. पाण्याचा टिपूस नाही. वाळू, तपकिरी डोंगर आणि मध्येच हिरवीगार आना झाडं. हे झाड पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत पालवतं, असं सांगत तुम्ही एक पीळदार केशरी शेंग माझ्या हातात दिलीत. हलवली तर बिया खुळखुळल्या. कोरड्या महिन्यांत हत्तींना याच शेंगांचा आधार.

मग ती हत्तीण दिसली. मी ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणत राहिले, तुम्ही इंजिन बंद केलंत. ‘आपल्यामुळे ती पाणी सोडून गेली तर पिल्लू तहानलेलं राहील,’ एवढंच बोललात. तिने पुढच्या पायाने वाळू उकरली, सोंडेने बाजूला सारली, थांबली, पुन्हा उकरली. खड्ड्यात पाणी पाझरेपर्यंत शांत उभी राहिली. पिल्लू तिच्या पोटाखाली सावलीला.

माझं माहेर माण तालुक्यातलं. उन्हाळ्यात माणगंगेच्या कोरड्या पात्रात आजी असाच झिरा काढायची. आधीचं गढूळ पाणी उपसून टाकायचं, नितळ येईपर्यंत बसायचं, मग वाटीवाटीने घागर भरायची. हे सांगताना माझा गळा दाटला. तुम्ही टोपी काढून ऐकत राहिलात. हत्तीण गेल्यावर त्याच झिऱ्यावर एक गेम्सबॉक, लांब सरळ शिंगांचं हरीण, येऊन पाणी प्यायलं. मी पुढे जायचा हट्ट पुरवून घेतला असता तर यातलं काहीच दिसलं नसतं.

1980च्या दशकात चोरट्या शिकारीने तिथले हत्ती आणि काळे गेंडे संपत आले, तेव्हा गावांच्या प्रमुखांनी आपलीच माणसं राखणीला नेमली, हेही तुमच्याकडूनच कळलं. पुढे 1996च्या कायद्याने वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर गावांना हक्क मिळाला. त्या सगळ्या राखणदारांनाही माझा नमस्कार सांगा.

मोठा पूर आला तरच होआनिब वाळूच्या टेकड्या फोडून समुद्राला मिळते म्हणालात. यंदा मिळाली तर एक निरोप नक्की धाडा.

ओकुहेपा, म्हणजे आभार, ताते.

तुमची,
माणदेशची पाहुणी