न मागता उतरणारे फोल्डर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. गेल्या महिन्यात लॅपटॉपवर ईमेलचा एक प्रोग्रॅम बसवला, पत्ता-पासवर्ड भरला आणि कामाला लागले. दुपारी पंखा घरघरायला लागला. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ सरकत होती: ‘ऑल मेल: ४१,२०६ पैकी ३,११८’. म्हणजे खात्यातली सगळीच पत्रं उतरत होती. मला हवा होता फक्त इनबॉक्स. संध्याकाळी डिस्क भरली आणि समोर उघडं असलेलं प्रूफ सेव्ह होईना.

त्यानंतर मी जे केलं ते इतर कुणी करू नये, म्हणून हे पत्र. त्या घाईत एका जुन्या फोल्डरवर उजवं बटण दाबून ‘डिलीट’ केलं. लॅपटॉपवरची प्रत तेवढी जाईल, असं वाटलं होतं. थोड्या वेळानं फोन पाहिला, तर तिथूनही फोल्डर गेलेला. सहा वर्षांचा लेखकांशी झालेला पत्रव्यवहार होता त्यात. तो ट्रॅशमध्ये मिळाला, पण मिळेपर्यंत जिवात जीव नव्हता.

माझं जीमेलचं खातं प्रोग्रॅमला ‘आयमॅप’ पद्धतीनं जोडलेलं होतं. ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आखली, ती मेल सर्व्हरवरच, म्हणजे मेलसेवा देणाऱ्याच्या संगणकावरच, ठेवून वाचता यावा यासाठी. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये दिसणारा फोल्डर हा सर्व्हरवरचाच फोल्डर असतो. इथून काढला की सगळीकडून जातो. शिवाय जीमेलमध्ये फोल्डर म्हणून दिसतात ती खरं तर लेबलं. एकच पत्र इनबॉक्समध्येही दिसतं आणि ‘ऑल मेल’मध्येही, आणि प्रोग्रॅम ते दोनदा उतरवून घेऊ शकतो.

उपाय साधा निघाला. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सिंक्रोनायझेशन’च्या पानावर यंत्रावर उतरवायच्या फोल्डरांची यादी असते, तिथल्या नको त्या फोल्डरांपुढच्या खुणा काढल्या. प्रोग्रॅममध्ये कोणते फोल्डर दिसावेत हे ठरवणाऱ्या ‘सबस्क्राइब’च्या यादीतूनही ‘ऑल मेल’ काढला. त्यानं फोल्डर फक्त नजरेआड होतो, सर्व्हरवर सुखरूप राहतो. जागा मात्र लगेच मोकळी झाली नाही, कारण आधी उतरलेल्या मेलची फाइल तशीच पडून होती. सगळी पत्रं ब्राउझरमध्ये दिसताहेत याची खात्री केली, प्रोग्रॅम पूर्ण बंद केला आणि मगच ती फाइल हटवली. खातं ‘पॉप’ पद्धतीचं, म्हणजे पत्रं सर्व्हरवरून आपल्या यंत्रावर उतरवून घेणारं, असेल तर हे अजिबात करू नये. तिथे कित्येकदा मेलची एकमेव प्रत आपल्याच यंत्रावर असते.

असे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना आणि त्यांचं मराठीकरण करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. खातं जोडतानाच ‘यातले कोणते फोल्डर या यंत्रावर उतरवायचे?’ असं विचारा. आणि ‘हटवा’ या बटणाशेजारी ‘सर्व्हरवरूनही’ हा एक शब्द लिहा.

आपली,
एक मुद्रितशोधक