धुळ्याच्या तुरुंगाची मापं आता तरी घ्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला व्हिक्टोरियाकालीन तुरुंगांवरचा लेख वाचला. लंडनचं पेंटनव्हिल आणि अंदमानचं सेल्युलर जेल यांच्यावर भरभरून लिहिलं आहे. पण खानदेशातल्या वाचकांपुढे हा विषय मांडताना धुळ्याच्या तुरुंगाचं नावही येऊ नये, याची रुखरुख लागली.

पेंटनव्हिल 1842 साली सुरू झालं. जोशुआ जेब या लष्करी इंजिनिअरने मधल्या दालनापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या इमारती काढल्या आणि त्यांत 520 कोठड्या बसवल्या. मधोमध उभ्या पहारेकऱ्याला सगळं दिसायचं, कैद्याला शेजारचा कैदी दिसायचा नाही. कोठडीबाहेर काढताना चेहरा झाकणारी टोपी घालायची. प्रार्थनेलाही प्रत्येकाला फळ्यांचा वेगळा कप्पा. पाद्री दिसावा, बाजूचा माणूस दिसू नये! एकटं ठेवलं की माणूस पश्चात्तापाने सुधारतो, अशी समजूत होती. कित्येकांची डोकी फिरली.

अंदमानचा तुरुंग 1896 ते 1906 या काळात बांधला. सात भुजा, ब्रह्मदेशातून आणलेल्या विटा, एका भुजेतल्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ. आज तीनच भुजा उभ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेलो, तेव्हा एका कोठडीच्या गजांतून हात बाहेर काढून कडी चाचपून पाहिली. हात पोचत नाही. कडीचा दांडा दारापासून लांब, भिंतीत ठेवलेल्या खोबणीत जाऊन बसतो. बांधणाऱ्याने कैद्याच्या हाताची लांबीसुद्धा हिशेबात धरली होती. त्या खोबणीपुढून माझा पाय निघेना.

आणि आपलं धुळं? 1932 साली विनोबा भावे इथल्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, ओळीने 18 रविवार, ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी शब्द न् शब्द उतरवून घेत होते. त्यांनी तो उतरवला नसता तर ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आलीच नसती. ज्या सरकारने अंदमानात माणसापासून माणूस तोडायला भिंती घातल्या, त्याच सरकारच्या धुळ्याच्या तुरुंगात कैदी शेजारी शेजारी बसून ऐकत होते. मला हे फार मोठं वाटतं.

पुस्तक घरोघरी आहे, पण ते जिथे बोललं गेलं त्या वास्तूबद्दल आपण आपल्या मुलांना काय सांगू शकतो? चालू तुरुंग आहे, सुरक्षेची अडचण मला समजते. म्हणून दारं सताड उघडा असं माझं म्हणणं नाही. कारागृह प्रशासनाने परवानगी द्यावी, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी जुन्या भागाची मापं घ्यावीत, नकाशे काढावेत, दारं, कड्या, झरोके यांचे फोटो घ्यावेत. एकदा दुरुस्तीत जुनं दार निघालं आणि भंगारात गेलं की मग कुठे शोधणार? इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ ज्या गावात आहे, तिथे हे काम अवघड जाऊ नये.

त्या पहिल्या रविवारला 2032 मध्ये 100 वर्षं होतील. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही कळकळीची विनंती. परवानगी मिळाली तर मोजपट्टीचं एक टोक धरायला मी स्वतः येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
देवपूर, धुळे